रंगाचे पैसे

मालक त्याच घरात राहत असले की डिपॉझिट परत मिळवणं सोपं, अशी समजूत असलेली मुलं अजून पुण्यात येतात. माणूस कायम समोर, सकाळी जिन्यात, रात्री गॅलरीत, मागायला फोनसुद्धा नको. गेल्या आठवड्यात नारायण पेठेतली कॉट सोडणाऱ्या ओळखीच्या एका मुलाच्या हातात काकूंनी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर हिशेब ठेवला. वर डिपॉझिट, 15,000. खाली पहिलीच वजाबाकी : रंगाचे 6,000.

पुढे किल्ली, साफसफाई वगैरे किरकोळ होतं. ते सोडा. रंगाचं बघू.

खोली दहा बाय दहा, कॉट तीन. तिघांकडून सहा-सहा, म्हणजे 18 हजार. मुलं वर्ष-दीड वर्षात बदलतात आणि रंगाचे पैसे कापल्याशिवाय या खोलीतून आजवर कोणी बाहेर पडलेलं नाही. कागदोपत्री ही शहरातली सर्वांत जास्त रंगवलेली खोली आहे. प्रत्येक मुलाच्या नावे लांबी भरली, प्रायमर मारला, वर ऑइलबाउंडचे दोन हात दिले असं धरलं, तर भिंती एव्हाना बोटबोट करत इतक्या आत आल्या असत्या की तिसरी कॉट मावली नसती, खिडकी उघडली नसती, पंख्याचं पातं भिंतीला घासलं असतं आणि काकूंना मुलं उभी ठेवावी लागली असती. (ही कल्पना त्यांच्यापर्यंत कोणी पोहोचवू नये.) प्रत्यक्षात खोली जशीच्या तशी. रंगही तोच पिस्ता, जो थोरल्या चिरंजीवांच्या मुंजीला दिला होता. चिरंजीव आता न्यू जर्सीत असतात आणि मुंजीनंतर जे केस आले होते तेही गेले.

मग पैसे कशाचे? तर कॉटच्या उशाशी भिंतीचे पोपडे निघालेत. भिंतीपलीकडे काकूंची न्हाणी आहे. नहाणं त्यांचं, ओल याच्या खात्यावर. काकांचं म्हणणं, तुम्ही ओले टॉवेल खोलीत वाळत घालता. घालतो ना, कारण गॅलरीतल्या दोरीवर पेइंग गेस्टनं कपडे घालायचे नाहीत, ही पाटी काकांच्याच हस्ताक्षरात आहे. शिवाय भिंतीला खिळा. त्या खिळ्याला काकूंच्याच भिशीतल्या सराफाचं कॅलेंडर, आणि तारखा पाच वर्षांपूर्वीच्या. तरीही भोक याचंच.

आणि ही कोणती माणसं? मुलानं गीझरचं बटण दाबलं की पलीकडून खाकरणारी. बारानंतर दिवा जळतोय हे झोपेत ओळखणारी. मेसचा डबा आला की आज कुठली भाजी ते वासावरून सांगणारी. एका भिंतीआड राहून यांना सगळं कळतं, भिंतीचा डाग तेवढा हिशेबाच्या दिवशी दिसतो. मुलानं वर्षभर यांचं लाइट बिल मोबाइलवरून भरलं, सिलिंडर दोन मजले चढवला, काकांचा हयातीचा दाखला ऑनलाइन काढून दिला. तेव्हा तो ‘आमच्या बंडूसारखाच’ होता. बंडूकडून रंगाचे किती कापले, तेही एकदा कळू द्या.

आता कायदा. महाराष्ट्राच्या 1999च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि ती जबाबदारी मालकाची; नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजारांपर्यंत दंड. हे काकूंना वाचून दाखवलं तर त्या चहा टाकतील, आणि उद्या कॉट रिकामी करायला सांगतील. त्याच कायद्यात लिहिलंय की मुदत संपल्यावर माणूस जागेत राहिला तर त्यानं दुप्पट दरानं पैसे भरायचे. ठीक आहे. मग मुदत संपल्यावर डिपॉझिट दाबून बसणाऱ्यानं किती पट भरायचे? तिथे पट नाही. तिथे वकील करायचा, दिवाणी दावा लावायचा, 6 हजारांसाठी! आणि सर्वांवर कडी म्हणजे, करार नोंदवायला गेलात तर मुद्रांक शुल्क काढताना परतीच्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के व्याज धरतात. म्हणजे या पैशावर व्याज सुटतं हे दरबारी मान्य आहे. ते कोणाच्या घरात सुटतं हे सांगायला नको. त्यावरचं शुल्क भरतो कोण? बहुतेक वेळा पोरगाच. बाप गावाकडे सोयाबीन विकून डिपॉझिट भरतो, त्यावरचं व्याज काकूंचं, व्याजावरचं शुल्क पोराचं, आणि मुद्दलातून रंग. दरोडेखोर निदान तोंड बांधून येतात हो, चहाला बोलवत नाहीत.

बरं, कापून उरलेले तरी? ते एफडीत आहेत. आत्ता मोडली तर काकूंचं नुकसान होईल, आणि ते बंडूसारख्या मुलाला बघवेल का? तेव्हा नवीन मुलगा आला की त्याच्या डिपॉझिटमधून देऊ. कोणी ओळखीचा असला तर तूच बघ ना, असं काकू म्हणाल्या. तेवढंच लवकर होईल.

त्यानं त्याच रात्री अभ्यासिकेच्या ग्रुपवर टाकलं : एक कॉट रिकामी, खोली हवेशीर, मालक घरातच, माणसं प्रेमळ. खाली परभणीच्या एकानं विचारलं, डिपॉझिट परत मिळतं ना?

यानं नुसता अंगठा दाखवला.