सशाचं सामान

(नागपूर. मे महिन्यातला रविवार. घड्याळात सकाळ, उन्हात दुपार. सोसायटीच्या फाटकाशी ऑटो थांबतो. आतून आधी एक पिंजरा उतरतो, मग तीन पिशव्या, आणि जागा झाल्यावर एक गृहस्थ. घरात कालपासून दोन ससे आहेत. वॉचमन सामानाला हात लावतो, तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या, सशांच्या जुन्या जाणकार काकू आडव्या येतात.)

काकू : थांबा. हे सगळं सशांसाठी?

गृहस्थ : हो ना! दुकानदार म्हणाला, आता एकही वस्तू राहिली नाही.

काकू : गवत कुठंय?

गृहस्थ : गवत?

काकू : वाळलेलं गवत.

गृहस्थ : नाही, त्यानं हे रंगीत दाण्यांचं पाकीट दिलं. आत काजूसुद्धा आहे.

काकू : काजू तुम्ही खा. सशाच्या खाण्यात ऐंशी टक्के, किंबहुना जास्तच, गवत पाहिजे. अहो, त्याचे दात जन्मभर वाढतात. पुढचे तर वर्षाला दहा-बारा सेंटीमीटर. दिवसभर गवत चावलं तर झिजतात, नाहीतर वाकडे होऊन तोंड मिटेनासं होतं. आणि पोट चालू राहतं तेही गवतावरच. सशाला ओकता येत नाही. आत गेलेलं पुढेच सरकायला हवं. बारा तास त्यानं कशालाच तोंड लावलं नाही तर सरळ डॉक्टरकडे पळायचं, सकाळची वाट बघायची नाही.

वॉचमन : कुटार आनून देऊ का जी? गावाकडं ढीग पडला हाय.

काकू : कुटार नको, ते धुळीचं असतं.

वॉचमन : मंग लसूणघास. आमची बकरी त्याच्यावर दूध देते.

काकू : ससा दूध देणार आहे का? वाढत्या पिल्लांना लसूणघास चालतो. मोठ्यांना रोज दिला तर त्यातल्या कॅल्शियमनं लघवी खडूसारखी पांढरी, घट्ट होते. साधं, वाळलेलं, हिरवट, चांगल्या वासाचं गवत घ्यायचं. दुकानात टिमोथी म्हणून मिळतं ते उत्तम. महाग आहे, पण औषधापेक्षा स्वस्त.

गृहस्थ : (दुसरी पिशवी पुढे करत) गाजरं तरी बरोबर आहेत ना? पाच किलो घेतली.

काकू : हलवा करा.

गृहस्थ : काकू, ससा आणि गाजर! लहानपणापासून प्रत्येक चित्रात...

काकू : कॅलेंडरवरच्या गणपतीपुढे एकवीस मोदक असतात, म्हणून तुम्ही रोज एकवीस मोदक जेवता का? गाजरात साखर फार. बोटाच्या पेराएवढा तुकडा, तोही सणासुदीला. त्यापेक्षा गाजराचा पाला द्या, सशांच्या उड्या पडतील.

गृहस्थ : पाला मी भाजीवाल्याला तोडून घ्यायला सांगितला. वजनात येतो म्हणून.

(काकू काही बोलत नाहीत. वॉचमन गृहस्थांकडे अपार करुणेनं पाहतो.)

काकू : संध्याकाळी जाऊन घेऊन या. कोथिंबीर, मुळ्याचा पाला, दूर्वा चालतील. कांदा, लसूण, बटाटा, बिस्किट, चॉकलेट, काही नाही. आता तो पिंजरा इकडे करा.

गृहस्थ : साडेचार हजारांचा आहे.

काकू : तळ बघा. नुसती जाळी. सशाच्या पावलाखाली कुत्र्यामांजरासारखी गादी नसते, नुसती लव असते. जाळीवर उभं राहून टाचा सोलतात.

गृहस्थ : पण लेंड्या खाली पडतात. आपल्याला त्रास नाही.

काकू : आपल्याला नाही, खरं आहे. पिंजरा तुमच्या सोयीनं बनवलाय, सशाला फक्त आत ठेवतात. सशाला ओळीनं तीन उड्या मारता आल्या पाहिजेत, आणि मागच्या पायांवर उभं राहिल्यावर कान छताला लागता कामा नयेत. हॉलच्या कोपऱ्यात घडीचं कुंपण लावा, खाली सतरंजी. एका ट्रेमध्ये रद्दी कागद पसरा, त्याच्या कडेला गवत ठेवा. खाता खाता तिथंच उरकायची त्यांची सवय असते.

वॉचमन : आन् सायेब, आपली लेंडी तो सोताच खाते. म्या पायलं हाय.

गृहस्थ : शी!

काकू : बरोबर पाहिलंत. मऊ, घोसासारखी असते ती. गवतातलं सत्त्व पहिल्या फेरीत पुरतं मिळत नाही, म्हणून दुसरी फेरी. त्यात शी काय? तुम्ही तर चाक पण आणलंय.

गृहस्थ : व्यायामाला.

काकू : चाक उंदराला. सशाची पाठ मोडेल. आणि हा शाम्पू? सशाला आंघोळ घालत नाहीत, धसक्यानं जीव जातो त्याचा. चाटून चाटून तो तुमच्याआमच्यापेक्षा स्वच्छ असतो. त्याला ब्रश लागतो, नाहीतर ते सगळे केस पोटात. नखं कापायचं नेलकटर घ्या. आणि घरातल्या वायरींना आजच नळ्या घाला. वाय-फायची वायर सशाला मुळासारखी लागते, कुरतडून मोकळा होतो.

गृहस्थ : वाय-फाय गेलं तर आमच्या घरात कोणीच जगणार नाही.

वॉचमन : सायेब, इतकं कशाले? आमच्या वावरात ससा मोकळाच फिरते. धरून आनला असता...

काकू : आणि वनखात्याच्या लोकांनी तुम्हालाच धरून नेलं असतं. तो रानससा. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं त्याला हात लावायचा नाही. जातही वेगळी. त्याची पिल्लं उघड्या डोळ्यांनी, अंगभर केस घेऊन जन्मतात. हे आपले पाळीव ससे युरोपातल्या बिळात राहणाऱ्या सशांचे वंशज. घाबरले की बीळ शोधतात. म्हणून त्यांना लपायला अंधारी जागा लागते. हा पिंजरा कशात आला होता?

गृहस्थ : खोक्यात. मोठा, जाड पुठ्ठ्याचा. ऑटोत मावेना म्हणून दुकानातच टाकला.

काकू : सगळ्या खरेदीत कामाची वस्तू तेवढी एकच होती.

(गृहस्थ पिशव्यांवर बसतात.)

काकू : बसू नका, वर जा. बाहेर पंचेचाळीस अंश आहे आणि सशाला तीसच्या वर सोसत नाही. त्याला घाम येत नाही, उष्णता निघते ती कानांतून. पाण्याची बाटली गोठवून, कापडात गुंडाळून शेजारी ठेवा, तो टेकून पडतो. पाणी जड वाडग्यात द्या. कूलर कुठे आहे?

गृहस्थ : हॉलमध्ये.

काकू : ससे?

गृहस्थ : कूलरसमोर. बायको आणि मुलगी स्वयंपाकघरात. दोघी बहिणी आहेत ना, छान रमल्यात एकमेकींत.

काकू : कोण, बायको आणि मुलगी?

गृहस्थ : ससे. पाच महिन्यांच्या बहिणी. दुकानदारानं सांगितलं.

काकू : ज्यानं चाक दिलं, त्यानं?

(शांतता.)

गृहस्थ : काकू, म्हणजे...

काकू : पाच महिन्यांत ससे वयात येतात. भाऊबहीण वगैरे नाती ते मानत नाहीत. महिन्याभरात पिल्लं, आणि व्यायल्या दिवशीच मादी पुन्हा गाभण राहू शकते. उद्या सशांचं कळणाऱ्या डॉक्टरांकडे दोघांनाही तपासायला न्या. ऑपरेशनचंही विचारा. मादीचं केलेलंच बरं, वय वाढलं की गर्भाशयाचा कर्करोग फार होतो त्यांना. नीट सांभाळलं तर दहा वर्षं राहतात हे.

गृहस्थ : दहा! मुलीचं लग्न होईल तोवर!

काकू : ससे तुमच्याकडेच राहतील. आजची रात्र मात्र दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा.

गृहस्थ : वन बीएचके आहे आमचं. कूलर हॉलमध्ये, एसी बेडरूममध्ये.

काकू : मग झालं तर. एकाला कूलर, एकाला एसी.

गृहस्थ : आणि आम्ही?

वॉचमन : केबिनीत टेबलफॅन हाय जी. पन रात्री दोन वाजता फाटक उघडाले तुमालेच उठा लागन.