चार म्हणजे चार

प्रत्येक घराण्यात एक माणूस असा असतो, ज्याच्या मते जगातल्या निम्म्या अडचणी लोक उशिरा निघतात म्हणून येतात. कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला जायचं असो, नगरला लग्नाला जायचं असो, नाहीतर नुसती भजी खायला लोणावळ्याला, त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं: "पहाटे चारला निघू. चार म्हणजे चार." दुसरं वाक्य, "रस्ता मोकळा मिळतो." तिसरं वाक्य नसतं, कारण तोवर तो फोनमध्ये अंतरं मोजायला लागलेला असतो. हाच गृहस्थ एरवी रविवारी नऊच्या आत डोळा उघडत नाही आणि सातला पाणी जाणार असलं तरी बादल्या बायकोच भरते. पण प्रवासाचं नाव निघालं की त्याच्या अंगात येतं.

आमच्याकडे हा मान साडूभाऊंचा. बायको त्यांना भावोजी म्हणते, मुलं काका म्हणतात, आणि सगळे त्यांना घाबरतात ते फक्त प्रवासापुरते. घरी मनुष्य अगदी गरीब. भाजीत मीठ नसलं तरी बोलणार नाही. मात्र एकदा तारीख ठरली की त्यांचा आवाज बदलतो, "निघू या" चं "निघायचं आहे" होतं आणि मेहुणीताईसुद्धा त्यांना "अहो" म्हणायच्या आधी जरा थांबते.

या वेळचं निमित्त जंजिरा. भाऊबीजेच्या जेवणानंतर माझी बायको सहज बोलून गेली, "सगळं कोकण झालं, जंजिरा तेवढा राहिलाय बघ." असली वाक्यं साडूंसमोर बोलायची नसतात. तोंडातली बडीशेप संपायच्या आत व्हॉट्सॲपवर 'मिशन जंजिरा' निघाला. त्यात कुणीतरी सुप्रभातची फुलं टाकली म्हणून 'मिशन जंजिरा (फक्त कामाचं)' निघाला, आणि त्यात सासूबाईंना घ्यायचं राहिलं म्हणून 'मिशन जंजिरा फायनल'. पुढे सगळ्या सूचना तिन्हीकडे यायच्या, आणि प्रत्येक ठिकाणी "ओके काका" असं वेगळं लिहावं लागायचं.

सीझन डिसेंबरचा धरला. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंदच असतात, आणि नंतर ऊन सोसवत नाही. घाट ताम्हिणीचा, यावर एकमत झालं. वाद झाला तो पलीकडचा. म्हसळ्यावरून दिघीला जाऊन तिथूनच किल्ल्याची होडी धरायची, की दिघीच्या फेरीबोटीवर गाडीच चढवून आगरदांड्याला उतरायचं आणि राजपुरीहून शिडाच्या होडीने जायचं? मेहुण्याला गाडी बोटीवर चढवायची हौस होती. साडू म्हणाले, "एका दिवसात दोन बोटी म्हणजे दोन वेळा उशीर." दिघी ठरलं.

वार ठरवताना त्यांनी दुसरं तत्त्व बाहेर काढलं: गर्दी टाळणे. शनिवार-रविवारी अख्खं पुणे कोकणात उतरतं, म्हणून मंगळवार. मुलांनी एक दिवस दांडी मारायची, मोठ्यांनी रजा टाकायची. "मंगळवारी धक्क्यावर चिटपाखरू नसेल," साडू हात चोळत म्हणाले. हे वाक्य लक्षात ठेवा.

मग एक्सेलमध्ये वेळापत्रक आलं, तेही रंगीत. ४:०० प्रस्थान. ४:१० चांदणी चौक, दुसरी गाडी सामील. ५:०० मुळशी जलाशय, निसर्गदर्शन. ५:४० ताम्हिणी, फोटो (गाडीतून न उतरता). ६:४५ माणगाव, नाश्ता, १५ मिनिटे. ८:१५ दिघी. ८:३० पहिली होडी. शेवटच्या रकान्यात शेरा: लघुशंका नाश्त्याच्या वेळेतच उरकावी. डिसेंबरात पाच वाजता मुळशीला कसला निसर्ग दिसणार, असं माझ्या मनात आलं होतं. पण मीटिंगमध्ये शंका काढणाऱ्याच्याच गळ्यात काम पडतं, हे नोकरीत शिकलोय.

चांदणी चौकासाठी मात्र त्यांनी वीस मिनिटं राखीव ठेवली होती. तिथला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये स्फोटकं लावून पाडला, पुढच्या वर्षी नवा उड्डाणपूल सुरू झाला, पण साडूंच्या मनातला चौक अजून तुंबलेलाच आहे. काही माणसांचं असं असतं. रस्ता सुटतो, कोंडी सुटत नाही.

राहिली भरती-ओहोटी. साडूंनी त्यासाठी ॲप घेतलं. त्यात मुंबईची वेळ यायची, मग दिघी मुंबईच्या किती दक्षिणेला, त्याने किती मिनिटांचा फरक पडेल, असं करत करत त्यांनी भरती ६ वाजून १२ मिनिटांवर आणून ठेवली आणि ग्रुपवर जाहीर केली. सासूबाईंचं माहेर श्रीवर्धनचं. त्या भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघून म्हणाल्या, "अष्टमी आहे. आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती, बाराला ओहोटी." किनाऱ्यावरचा हा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ येते. चतुर्थीला तीन, द्वादशीला नऊ, शुक्ल पक्षात तसंच कृष्ण पक्षात. "आणि अष्टमीचं पाणी भांगाचं," त्या म्हणाल्या, "उधाण नाही. होडी फार डुलायची नाही." साडूंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि वहीत लिहिलं: "आईंच्या पद्धतीत १२ मिनिटांची चूक."

आदल्या दिवशी टायरमध्ये हवा भरून झाली, पेट्रोलची टाकी गळ्यापर्यंत भरली. रात्री नऊला त्यांनी सगळ्यांच्या बॅगा मागवून घेतल्या आणि डिकीत लावल्या. नुसत्या ठेवल्या नाहीत, लावल्या: जी आधी लागेल ती वर, जी नंतर ती खाली. मग डिकी बंद करून किल्ली उशीखाली.

आता पहाटे चारचं दृश्य बघा. सासूबाई दोनलाच उठून, अंघोळ-पूजा करून, पर्स मांडीवर घेऊन सोफ्यावर तयार. साडूंचा मुलगाही जागा, कारण तो झोपलाच नव्हता. बाकी सगळे दात घासायच्या तयारीत; आणि ब्रश डिकीत. सासूबाईंच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांचा डबा डिकीत. माझा चष्मा, मेहुणीताईचा कंगवा, थर्मासचं झाकण, सगळं डिकीत. पार्किंगमधल्या एकुलत्या एका बल्बखाली साडूंनी स्वतः लावलेली डिकी स्वतः उपसली. गोळ्यांचा डबा सर्वांत खालच्या बॅगेत निघाला. "दुपारी जेवणानंतरची गोळी आहे ना?" ते म्हणाले. "सकाळची आहे," सासूबाई म्हणाल्या. वॉचमन बॅटरी धरून उभा होता. त्याने शांतपणे विचारलं, "साहेब, बदली झाली का?"

मेहुणा सिंहगड रोडला राहतो. चारला त्याचा मेसेज आला, "निघालोच." सव्वाचारला, "वारजे पुलापाशी." पावणेपाचला त्याच्या बायकोने माझ्या बायकोला फोन करून विचारलं की स्वेटर घ्यायचे का. पाठीमागे मिक्सरचा आवाज येत होता. वारजे पुलावर मिक्सर नसतो, हे साडूंच्याही लक्षात आलं असावं, पण ते काही बोलले नाहीत. त्यांनी वेळापत्रकात पेन्सिलीने एक बाण काढला. पाच वीसला दोन्ही गाड्या चांदणी चौकातून निघाल्या. चौक रिकामा होता. वीस मिनिटं राखीव ठेवल्याचं साडूंना इतकं समाधान वाटलं की पिरंगुटपर्यंत ते तेच सांगत होते.

घाट लागतो म्हणून एव्होमिनच्या गोळ्या वाटायचं काम मुलाकडे होतं. कोष्टकात लिहिलं होतं: ताम्हिणीच्या आधी अर्धा तास, म्हणजे ५:१०. गाड्या तेव्हा अजून चौकातच; पण गोळ्या वेळेवर दिल्या गेल्या. पौड येईपर्यंत मागच्या सीटवर एकजात माना कलल्या. एव्होमिनने उलटी थांबते आणि झोप येते. मधल्या तासाभरात घाट नसेल, तर फक्त झोप येते.

तरी साडू बोलत राहिले. काळोखात, गाडीच्या दिव्यांपलीकडे काही म्हणून दिसत नसताना, "आता इथे अप्रतिम जलाशय आहे," असं त्यांनी जाहीर केलं. मग मुळशीचा सत्याग्रह: १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध मावळातले शेतकरी उठले, पांडुरंग महादेव बापट पुढे झाले आणि तिथूनच ते 'सेनापती' बापट झाले. या धरणाचं पाणी पुण्याकडे न येता सह्याद्रीखाली भिऱ्याच्या वीजघरात उतरतं आणि पुढे कुंडलिकेला मिळतं. कोलाडचं राफ्टिंग चालतं ते या सोडलेल्या पाण्यावर. सगळं खरं आहे आणि ऐकण्यासारखंही आहे. पण श्रोत्यांत मी आणि सासूबाई दोघेच, आणि सासूबाई जप करत होत्या.

आणि मग, ज्या तासाला आम्ही वेळापत्रकाप्रमाणे माणगावात मिसळ संपवायला हवी होती, त्या तासाला उजाडायला लागलं. आधी पाण्यावर नुसता पांढुरका पट्टा दिसला, मग धुकं, मग धुक्यातून वर आलेली झाडांची टोकं. चारला निघालो असतो तर यातलं काही दिसलं नसतं. मेहुण्याच्या मिक्सरचे उपकार. ताम्हिणी गाव मागे पडताना सूर्य उगवला. पण घाट उतरतो पश्चिमेला, त्यामुळे सूर्योदय झाला तो आमच्या पाठीमागे. साडूंना तो आरशात दिसला. लालभडक, डोंगराच्या कडेवर टेकलेला, संपूर्ण. त्यांनी क्षणभर पाहिला, म्हणाले, "डोळ्यावर येतोय," आणि आरसा खाली वळवला.

"भावोजी, जरा थांबू या का?" बायकोने अर्धवट झोपेत विचारलं.

"सूर्योदय ५:४० च्या स्लॉटमध्ये होता," साडू म्हणाले. "तो गेला."

विळे, निजामपूर, माणगाव. मुंबई-गोवा महामार्गाबद्दल मी काही लिहीत नाही. वाचकांपैकी बरेच जण अजून त्यावरच असतील. नाश्त्याची पंधरा मिनिटं मिसळ येण्यातच गेली, आणि ती आल्यावर सासूबाईंना बिनतिखट हवी होती.

म्हसळ्यानंतर साडू गप्प झाले. आठ-तीसची होडी गेली होती. त्यांच्या बोलण्यात ती होडी म्हणजे जणू पंढरपूरची शेवटची एसटी. "पहिली होडी वेगळीच असते," ते पुटपुटले, "ऊन नसतं, माणसं नसतात." मागे मेहुण्याच्या गाडीत गाणी लागली होती, त्याचाही त्यांना त्रास होत असावा.

दिघीच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. खाडीच्या तोंडाशी, पाण्यातच बांधलेला, सिद्द्यांचा तो किल्ला समोर दिसत होता. कितीजणांनी मोहिमा काढल्या तरी १९४८ पर्यंत सिद्द्यांकडेच राहिलेला. साडूंनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. ते तरातरा धक्क्याच्या टोकाला गेले. तिथे एक होडी बांधलेली होती आणि तांडेल तीत बसून तंबाखू मळत होता.

"पहिली होडी किती वाजता गेली?"

"ही पहिलीच."

साडूंना ऐकू आलं नसावं. "आठ-तीसची?"

"आठ-तीस कसली साहेब. माणसं भरली की सुटते. आज मंगळवार, माणसं हैत कुठं?" त्याने तंबाखू दाढेखाली ठेवली. "निदान वीस तरी पाहिजेत. तुम्ही किती?"

आम्ही नऊ होतो. साडूंनी अख्ख्या होडीचा दर विचारला, ऐकला, आणि आपण विचारलंच नव्हतं असा चेहरा केला. मग ते धक्क्यावर येरझाऱ्या घालू लागले. "लोकांना वेळेची किंमतच नाही," ते मला म्हणाले. "दहा वाजलेत. कुठे आहेत सगळे?" ज्या चिटपाखरांना टाळायला मंगळवार काढला होता, त्यांची आता ते आभाळाकडे बघितल्यासारखी वाट पाहत होते.

पाऊण तासाने एक गाडी आली. कॉलेजची पाच पोरं उतरली. साडू त्यांच्याकडे जवळजवळ धावत गेले. "जंजिरा ना? या, या, लगेच सुटणार आहे." पोरं आली. चालता चालता त्यांनी न राहवून विचारलं, "पुण्याहून किती वाजता निघालात?"

"सव्वासहाला, काका. वाटेत ढाराढूर झोपलो पण तासभर."

साडू काही बोलले नाहीत. त्यांनी पोरांना होडीत चढवलं, दोन डावीकडे, तीन उजवीकडे. मग वळून पार्किंगमध्ये गेले. रोह्याहून आलेलं एक नवीन जोडपं फोटो काढत होतं, त्याला "किल्ला बघायचा तर हीच होडी, नंतर ओहोटी लागते, आज अष्टमी आहे," असं त्यांनी ठणकावून सांगितलं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. एका कुटुंबाला मुलं रडतील अशी भीती होती, तर साडू म्हणाले, "भांगाचं पाणी आहे, डुलत नाही होडी." अर्ध्या तासात विसाच्या वर माणसं गोळा झाली. जाड माणसं मध्ये, लहान मुलं आईजवळ, सासूबाई पुढे. तांडेलाने नुसतं बघत राहावं, असा तो कारभार चालला होता. शेवटी त्याने खलाशाला सांगितलं, "त्या काकांचं तिकीट घेऊ नको."

दोर सोडताना त्याने साडूंना हाक मारली. "साहेब, उद्या शाळेच्या दोन बसा यायच्या हैत. येता का?"

साडूंनी खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि विचारलं, "किती वाजता?"