चलनाबाहेरचे मामंजी

आमच्या मामंजींकडे पैसा अमाप. शिवराई आहे, पेशवाईतला अंकुशी रुपया आहे, मधोमध भोक असलेला 1943 चा पैसा आहे, सहाव्या जॉर्जचे रुपये तर डझनाने. दूधवाल्याचे बिल द्यायची वेळ आली की मात्र ते आतल्या खोलीकडे तोंड करून विचारतात, "सूनबाई, सुटे आहेत का?"

लग्न जमताना 'मुलाच्या वडिलांचा जुन्या नाण्या-नोटांचा व्यवसाय आहे' असे सांगण्यात आले होते. व्यवसायात माल येतो आणि जातो, अशी माझी समजूत. इथे तो येतो.

येतो मुख्यतः जुन्या बाजारातून. मंगळवार पेठेत दर बुधवारी आणि रविवारी तो भरतो. मामंजी त्या दिवशी कपाटातला सर्वांत विटका शर्ट घालतात. बाजारात गेल्यावर नाण्यांकडे ढुंकूनही पाहायचे नाही. आधी शेजारचे गंजके कुलूप उचलायचे, त्याच्या किल्लीची चौकशी करायची, भाव ऐकून हबकायचे, आणि निघता निघता तांब्याच्या ढिगाकडे बोट दाखवून, "आणि हे काय, भंगार का?" विक्रेता बारा गावचे पाणी प्यालेला. तो कुलपाचा भाव पाडतो आणि भंगाराचा चढवतो. आमच्याकडे बिनकिल्लीची कुलपे पुष्कळ आहेत.

शिवराई हा मामंजींचा हळवा कोपरा. 1674 च्या राज्याभिषेकाच्या वेळी पाडलेल्या या नाण्यावर एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. महाराजांनंतरही टांकसाळींतून शिवराया पडत राहिल्या आणि ठसे कोरणाऱ्या कारागिरांनी 'शिव'चे शीव, सिव, सीव असे मनाला येईल ते केले. लग्नपत्रिकेतली वेलांटी चुकली तर अख्खा गठ्ठा छापखान्यात परत धाडणाऱ्या या शहरात मामंजी भिंगातून चुकीची वेलांटी शोधतात आणि सापडली की घरभर साखर वाटतात. टांकसाळीत ठसा सरकला, नोट तिरकी कापली गेली, की किंमत वाढली. नातवाचे शुद्धलेखन लाल शाईने भरून आले तेव्हा सगळ्यांनी त्याला झापले. आजोबांनी वही जपून ठेवायला सांगितली.

फोन तर दिवसभर चालू. पलीकडच्या माणसाकडे वैष्णोदेवीचे पाच रुपयांचे नाणे असते आणि ते लाखांना जाते असे त्याने मोबाइलवर पाहिलेले असते. "मी पाच रुपये द्यायला तयार आहे," मामंजी शांतपणे सांगतात. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदीसाठी आमच्या नावाने कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहा, असे रिझर्व्ह बँकेला 2021 मध्ये जाहीरपणे सांगावे लागले. पण बँकेवर विश्वास ठेवायला लोक तयार नसतात, तिथे मामंजींची काय कथा? त्याहून बिकट पाहुणे म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचे 1818 चे रामदरबाराचे नाणे मखमलीत गुंडाळून आणणारे. हे नाणे तांदूळ ओढते म्हणे! मामंजी एवढेच म्हणतात, "अहो, त्याच्या आदल्याच साली कंपनीने शनिवारवाड्यावर निशाण लावलं. ती रामाची नाणी पाडत बसेल होय?" पाहुणे चहा न घेता जातात. सासूबाईंना हे पाहुणे आवडतात.

सगळ्यांत वाईट दिवस दिवाळीच्या आधीचे. कोणाच्या तरी देवघरातली शिवराई इतर भांड्यांबरोबर चिंचेने घासली जाते आणि लखलखीत होऊन मामंजींपुढे येते. दोन-तीनशे वर्षांत चढलेला तो तपकिरी-हिरवट रंग गेला की अर्धी किंमत गेली. आणणाऱ्या बाई कौतुकाच्या अपेक्षेने उभ्या असतात. मामंजी चष्मा काढतात, पुसतात आणि पुन्हा लावत नाहीत.

यामुळेच बहुधा ते गिऱ्हाइकाची उलटतपासणी घेतात. स्थळ बघायला आलेल्या मुलाला विचारावे तसे सगळे विचारून होते. नाणे ठेवणार कशात? बोटांनी धरता की कडेने? घरात चिंच कोण वापरते? एवढे होऊन गिऱ्हाईक पात्र ठरलेच, तर "जरा विचार करून कळवतो." एकदा नाणे गेले की दोन दिवस जेवणावरून लक्ष उडते. मग हेच महाशय कुठल्याशा प्रदर्शनात तेच नाणे परत विकत घ्यायला बघतात, वाढीव भावाने.

नोटांचे प्रेम जरा नंतरचे. वर इंग्लंडचा राजा आणि खाली आपल्या कोकणातल्या चिंतामणराव देशमुखांची सही, अशी नोट ते पाहुण्यांना दाखवतात, हातात देत नाहीत. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बाद झाल्या. दुसऱ्या दिवशी बँका बंद होत्या, तो दिवस मामंजींनी घरातल्या नोटांचे नंबर वाचण्यात घालवला. तिसऱ्या दिवशी सासूबाई रांगेत उभ्या आणि हे मागून फोनवर, "शेवटी 786 असलेली भरू नकोस!"

खरी गंमत पुढे झाली. भरण्याची मुदत टळल्यावर सासूबाईंना मसुराच्या डब्याच्या तळाशी पाचशेच्या एकवीस नोटा सापडल्या. 2017 च्या कायद्याने अशा दहापेक्षा जास्त नोटा बाळगल्या तर दंड, कमीत कमी दहा हजार. सासूबाईंचा चेहरा उतरला. मामंजींचा मात्र उजळला, कारण त्याच कायद्यात अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्रासाठी पंचवीस नोटांपर्यंत मुभा आहे. "आजपासून तू अभ्यासक," त्यांनी जाहीर केले आणि नोटा अल्बममध्ये लावायला हात पुढे केला.

सासूबाईंनी डबा मागे ओढला.

"ठेवणार कशात?" त्यांनी विचारले. "आणि धरता कशा, बोटांनी की कडेने?"

मामंजींनी उत्तरे दिली. बरोबर दिली असावीत.

"जरा विचार करून कळवते," सासूबाई म्हणाल्या आणि मसूर निवडायला बसल्या.