डबल ओ वाला टू

दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात ‘डू ॲज डायरेक्टेड’ नावाचा एक प्रश्न असायचा आणि त्यात हटकून एक फर्मान निघायचं : रिमूव्ह ‘टू’. मराठी माध्यमाच्या वर्गात त्याची कृती पुरणपोळीच्या कृतीसारखी तोंडपाठ करून घेत. आधी ‘टू’ काढा, त्या जागी ‘सो’ घाला, विशेषणानंतर ‘दॅट’ लावा, पुन्हा एक कर्ता घ्या आणि शेवटी ‘कॅनॉट’ विसरू नका. ‘द टी इज टू हॉट टू ड्रिंक’चं ‘द टी इज सो हॉट दॅट आय कॅनॉट ड्रिंक इट’ झालं, की गुण पदरात. चहा एव्हाना निवलेला असला, तरी त्याची चौकशी कोणी करत नसे.

देवनागरीत या प्रकरणाची आणखी पंचाईत. ‘कडे’ या अर्थाचा टू, ‘फार’ या अर्थाचा टू आणि दोन या आकड्याचा टू, तिघेही एकाच गणवेशात. म्हणून बाई म्हणत, ‘हा डबल ओ वाला टू हं!’ गंमत अशी, की पहिले दोघे मूळचे एकच. ज्या शब्दावर जोर पडायचा, त्याचं सोळाव्या शतकाच्या सुमारास वेगळं बिऱ्हाड झालं आणि त्याच्या स्पेलिंगमध्ये एक ओ जास्तीचा आला. अतिरेक दाखवणाऱ्या शब्दाला एखादं अक्षर जास्त मिळावं, हे रास्तच. पण ‘पुरेसं’ सांगणाऱ्या ‘इनफ’ने तरी कुठे काटकसर केलीय? फ ऐकू यावा म्हणून तिथे जी आणि एच अशी दोन अक्षरं कामाला लावली आहेत, आणि नेमकं एफ तेवढं त्यात नाही.

‘रिमूव्ह टू’मधला खरा चमत्कार मात्र त्या ‘कॅनॉट’मध्ये आहे. मूळ वाक्यात नकार कुठेच नव्हता, मग ‘टू’ काढल्याबरोबर तो आला कुठून? तो ‘टू’च्या पोटातच दडलेला होता. ‘व्हेरी’ हा साधाभोळा शब्द. चहा व्हेरी हॉट आहे म्हणजे चांगलाच गरम आहे, बस्स. प्यायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा. ‘टू’ म्हणतो, नाही जमायचं. आणि ‘इनफ’ म्हणतो, जमतंय. एकाच्या पोटात नकार, दुसऱ्याच्या पोटात होकार. पण दोघांनाही एक प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही : कशासाठी? चहा टू हॉट आहे तो प्यायला. त्यात साखर विरघळायला तो हॉट इनफ असतोच. चहा तोच, तापमान तेच. बदललं ते आपलं काम.

हे लक्षात न घेता आपण ‘टू’ला ‘व्हेरी’चा थोरला भाऊ करून टाकलाय. कॉलेजच्या कट्ट्यावर सिनेमा ‘टू गुड’ असतो, कँटीनचा वडा ‘टू गुड’ असतो. व्याकरणाला चिकटून बसलेला एखादा इंग्रज तिथे असेल, तर तो ‘टू गुड’ ऐकून उरलेल्या वाक्याची वाट पाहत थांबेल. टू गुड टू व्हॉट? खाता येणार नाही इतका चांगला? ‘आय ॲम टू हॅपी टू मीट यू’ असं लिहिणारा पाहुणा दहावीच्या कृतीप्रमाणे ‘मला इतका आनंद झालाय, की मी तुम्हाला भेटू शकत नाही’ असं कळवत असतो. आणि हीच भाषा त्या वाक्यात नुसता एक ‘ओन्ली’ घातला, की सगळं उलटं फिरवते. ‘ओन्ली टू हॅपी’ म्हणजे अगदी आनंदाने! नियम पाठ करणाऱ्यांनी फार निश्चिंत राहू नये, एवढ्यासाठीच इंग्रजीने ही सोय ठेवली असावी.

जागेच्या बाबतीत ‘इनफ’ जास्त नखरेल. ‘टू’ नेहमी विशेषणाच्या पुढ्यात उभा राहतो : टू टॉल, टू लेट. ‘इनफ’ विशेषणामागून येतो : टॉल इनफ, गुड इनफ. पण नाम दिसलं, की हाच ‘इनफ’ सहसा लगबगीने पुढे सरकतो : इनफ मनी, इनफ चेअर्स. गुणांच्या मागे आणि पैशांच्या पुढे उभं राहण्याची ही सवय लग्नाच्या मांडवात अनेकांमध्ये दिसते. ‘टू’ला मात्र नामाशी थेट बोलायची परवानगी नाही. त्याला मध्ये ‘मच’ किंवा ‘मेनी’ यांपैकी एक मध्यस्थ लागतो. मोजता न येणाऱ्यांसाठी मच, मोजता येणाऱ्यांसाठी मेनी. म्हणून टू मच शुगर आणि टू मेनी गेस्ट्स. आणि पैसा? तो टू मच. दिवसभर नोटा मोजणाऱ्या कॅशियरसमोर इंग्रजी व्याकरण शांतपणे सांगतं, की पैसा ही मोजता न येणारी गोष्ट आहे.

हे नियम आपल्याकडे घरोघरी पोचवले ते रेन आणि मार्टिन या जोडगोळीने, आपल्या व्याकरणाच्या पुस्तकातून. यातले पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते. पुढे 1924 मध्ये त्यांची ‘बो जेस्ट’ ही फ्रेंच फॉरिन लीजनमधल्या शिपायांची कादंबरी आली आणि तुफान गाजली. वाळवंट, वेढलेला किल्ला आणि शेवटच्या गोळीपर्यंत लढणारे वीर रंगवणाऱ्या माणसाचं नाव आपल्याकडे मात्र ‘टू काढा’साठी घेतलं जातं.

त्यांचा नियम मुंबईतच, दादर स्टेशनवर, हरतो. ‘द ट्रेन इज टू क्राउडेड टू बोर्ड’ हे वाक्य व्याकरणात चोख आणि वस्तुस्थितीत खोटं. टू काढला, की ‘गाडीत इतकी गर्दी आहे, की चढता येत नाही’ असं होतं, आणि ते वाचून होईस्तोवर तिघे चढलेले असतात. रेल्वेलाही साधा ‘ओव्हरक्राउडेड’ शब्द पुरला नाही. दर चौरस मीटरला चौदा ते सोळा उभे प्रवासी, या अवस्थेला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असं नाव द्यावं लागलं. कारण मुंबईकराच्या लेखी प्रश्न गाडी किती भरलीय हा नसतोच. नऊ-सतराला चर्चगेटला पोचायचंय का, हा असतो. काम निकडीचं असलं, की ‘टू’ मुकाट्याने आत सरकून जागा देतो.

बँकांच्या जगात तर या शब्दाने फारच मोठी उडी घेतली. 1984 मध्ये अमेरिकेतली कॉन्टिनेंटल इलिनॉय ही बँक सरकारने वाचवली, तेव्हापासून ‘टू बिग टू फेल’ हा वाक्प्रचार रुळला. व्याकरणाने बघितलं तर इतकी मोठी, की बुडूच शकत नाही. 2008 च्या सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स या अमेरिकी बँकेने बुडून हे वाक्य चुकीचं ठरवून दाखवलं. खरा अर्थ होता, बुडू देणं आपल्याला परवडत नाही. आपल्या रिझर्व्ह बँकेच्या अशा यादीत स्टेट बँक, एचडीएफसी आणि आयसीआयसीआय आहेत. म्हणजे बँक किती मोठी, याचा हिशेबसुद्धा अखेर ती बुडाली तर कोणाकोणाचं काय होईल, यावरच येऊन ठेपतो.

घरातली भाषाही हीच लबाडी करते. ‘मुलगी जरा जास्तच शिकलीय’ असं एखादं स्थळ कळवतं, तेव्हा वाक्याचा पुढचा तुकडा सोयीस्करपणे गिळलेला असतो. कशासाठी जास्त? इंग्रजीचा पेपर तपासणाऱ्याने तिथे लाल शाईने ‘टू व्हॉट?’ असं लिहून वाक्य परत पाठवलं असतं. ते पूर्ण केलं, की दोष शिक्षणाचा नसून मुलाच्या धीराचा आहे, हे उघडं पडतं. बहुतेक तक्रारींचं असंच होतं. अर्धं वाक्य बोललं, की ती वस्तूबद्दल वाटते. पूर्ण केलं, की ती आपल्याबद्दल निघते.

‘इनफ’वाल्यांचा स्वभाव जास्त समजूतदार. ब्रिटिश बालमनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी ‘गुड इनफ मदर’ ही कल्पना मांडली आणि परिपूर्ण आई होण्याच्या धडपडीतून बायकांना सोडवलं. आईने बाळाची प्रत्येक गरज तत्क्षणी भागवत राहिलं, तर त्याला बाहेरच्या जगाची ओळख होणार कशी? थोडंथोडं कमी पडणं हेही तिचं कामच. थोडक्यात, ‘टू गुड’ आईपेक्षा ‘गुड इनफ’ आई चांगली. हे व्याकरणात बसतं आणि पाळणाघरातही.

म्हणूनच इंग्रजांच्या सगळ्या शब्दांत मला ‘फेअर इनफ’ फार आवडतो. समोरच्याचं पूर्ण पटलेलं नाही, आपण हरलोही नाही, न्यायाची शंभर टक्के प्रत बाजारात मिळत नाही हे दोघांनाही ठाऊक आहे. पण पुढच्या कामापुरता हा न्याय चालेल. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीवरून दीड तास रण पेटतं, तेव्हा एखादे निवृत्त गृहस्थ खुर्चीत मागे रेलून म्हणतात, ‘फेअर इनफ, पुढचा विषय घ्या.’ टाकी गळतेच आहे. पण त्यामुळे निदान लिफ्टचं भांडण वेळेवर सुरू होतं.