सोमवारी, तिसऱ्या तासाला

अमेरिकेत जून उजाडला की शाळांना सुट्टी लागते. मुलं पोहायला जातात आणि त्यांच्या बाई शाळेत जाऊन बसतात. म्हणजे विद्यापीठात, चीन, जपान, कोरिया शिकायला. ‘नॅशनल कन्सॉर्शियम फॉर टीचिंग अबाउट एशिया’ असं भारदस्त नाव असलेला उपक्रम १९९८पासून शाळाशिक्षकांसाठी असे वर्ग भरवतो. पैसा फ्रीमन फाउंडेशनचा, विद्वत्ता विद्यापीठांची. त्याच्या आगेमागे इतरही बरेच उन्हाळी सेमिनार असतात. मी अशाच एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात दक्षिण आशियाई पुस्तकांची कपाटं सांभाळतो, त्यामुळे दर उन्हाळ्याला बाई मला भेटतातच. चेहरा बदलतो, गाव बदलतं, बाई त्याच.

बाई ओळखणं अवघड नाही. बाहेर अंग भाजून काढणारं ऊन असताना ज्यांच्या अंगात स्वेटर आहे त्या बाई. सभागृहातला एसी कसा असतो, हे त्यांना मागच्या सेमिनारने शिकवलेलं असतं. खांद्याला त्याच मागच्या सेमिनारची कापडी पिशवी, पिशवीत चार रंगांचे हायलायटर आणि एक जास्तीचं पेन, शेजारणीने मागितलं तर द्यायला. वर्षभर ‘मागे कोण बोलतंय?’ म्हणून दरडावणाऱ्या बाई इथे पहिल्या बाकावर बसून शेजारणीशी कुजबुजतात, चहाच्या सुट्टीनंतर उशिरा येतात आणि निबंध कधीपर्यंत द्यायचा हे पुन्हा पुन्हा विचारतात. लायसन्सच्या नूतनीकरणाला प्रशिक्षणाचे तास भरावे लागतात म्हणून येणारेही असतात. ते दाराजवळ बसतात. बाईंचे तास केव्हाच भरलेले असतात.

पहिल्या दिवशी प्राध्यापक सांगतात की ‘आशिया’ असं काही मुळात नाहीच, ती युरोपने करून घेतलेली सोय आहे. बाई हे हिरव्या रंगाने अधोरेखित करतात आणि हात वर करतात. “मग सोमवारी, तिसऱ्या तासाला, मी नकाशा लावू की नको?”

पोथ्या पचवलेली माणसं या प्रश्नापुढे चाचरतात. दुसऱ्या दिवशी सिल्क रोडचं तेच होतं. असा एकच एक रस्ता नव्हता, आणि हे नावही १८७७मध्ये रिख्टहोफेन नावाच्या जर्मन भूगोलतज्ज्ञाने प्रचारात आणलं, असं कळल्यावर बाईंचा चेहरा उतरतो. वर्गाच्या भिंतीवर त्यांचा ‘द सिल्क रोड’ हा फलक आहे. कडेला खऱ्या रेशमाची झालर, स्वतःच्या पैशाने. (वर्गासाठी पदरमोड करणाऱ्या शिक्षकाला तिथलं सरकार आयकरात ठरावीक रकमेपर्यंत वजावट देतं. बाईंचे तेवढे ऑक्टोबरपर्यंतच उडतात.) फलक काढवत नाही, ठेवला तर प्राध्यापक डोळ्यांपुढे येतात. शेवटी बाई त्यावर एक लहान चिठ्ठी डकवतात: ‘तथाकथित’.

भारत या वर्गात फारसा येत नाही. जो येतो तो बुद्धाच्या वशिल्याने. बौद्ध धर्म चीनला कसा पोहोचला हे सांगताना एका दुपारपुरता आमचा नंबर लागतो आणि ग्रंथालय दाखवायला मला बोलावतात. मी मराठीची कपाटं दाखवतो. ती तिथे कशी आली हेही सांगतो: पीएल-४८० या कायद्याखाली अमेरिकेने भारताला धान्य विकलं, रुपयांत पैसे घेतले, आणि त्या रुपयांतून १९६२पासून भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन आपल्या विद्यापीठांना वाटली. इतरांना यात जांभई येते. बाई विचारतात, “म्हणजे किती पोत्यांना एक पुस्तक?”

हसू नका. चौदा वर्षांच्या पोराच्या डोक्यात काय टिकेल, हे बाईंना कळतं आणि प्राध्यापकांना कळत नाही. प्राध्यापक चिनी दर्यासारंग झेंग हेच्या आरमाराबद्दल तासभर बोलतात: १४०५ ते १४३३, सात मोहिमा, व्यापार, नजराणे, राजनीती. बाईंच्या वहीत यातलं एकच मोठ्या अक्षरात असतं: जिराफ. १४१४मध्ये बंगालच्या सुलतानाने मिंग सम्राटाला जिराफ धाडला आणि दरबाराने त्याला चिलिन, म्हणजे पुराणातला शुभशकुनी प्राणी, ठरवलं. आता आफ्रिकेतला जिराफ बंगालमार्गे चीनला पोहोचला, एवढं मुलांनी नकाशावर बोटाने दाखवलं की हिंदी महासागराचा अख्खा व्यापार शिकवून झाला. मी तासभराचं ते व्याख्यानही ऐकलंय. माझ्याही लक्षात जिराफच आहे.

पण ऑगस्टमध्ये शाळा उघडते आणि आशियाच्या वाट्याला वर्षाकाठी जेमतेम दोन-तीन आठवडे येतात. त्यांतला एक दिवस आग लागल्याच्या कवायतीत जातो, एक बर्फात. त्यातून ‘एपी’चा, म्हणजे कॉलेजच्या तोडीचा, जागतिक इतिहास २०१९पासून इसवी सन १२००पासूनच सुरू होतो. आधी तर तो १४५०पासून सुरू करायचं घाटत होतं. देशभरच्या शिक्षकांनी आरडाओरडा केला तेव्हा अडीचशे वर्षं परत मिळाली. त्या आरडाओरड्यात बाईंचा आवाज होता. तरी अशोक गेला, अजिंठा गेला, शुआनझांग (आपला ह्यूएनत्संग) गेला. बाई मग नववीच्या साध्या वर्गात चोरवाटा काढतात. रोमचा धडा चालू असतो आणि रोमन लेखक प्लिनी कुरकुरतो की आमचा पैसा चैनीच्या वस्तूंपायी भारतात वाहून चाललाय. त्याचं बोट धरून बाई पाच मिनिटांत मलबारच्या किनाऱ्यावर उतरतात. तपासणीसाने विचारलं तर, “रोमच शिकवतेय.”

गेल्या उन्हाळ्यात बाईंनी मला गाव विचारलं. मी सवयीने ‘मुंबईच्या जवळ’ असं म्हणणार होतो, पण खरं ते सांगितलं, “अहमदनगर. आता अहिल्यानगर.”

“मलिक अंबर!” बाई जवळजवळ ओरडल्याच.

इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, पुढे अहमदनगरची निजामशाही चालवणारा अंबर. बाईंच्या वर्गात निम्मी मुलं कृष्णवर्णीय आहेत. गुलामीच्या धड्याला ती मान खाली घालून बसतात, आणि हा माणूस तर मुघलांना मेटाकुटीला आणतोय. जहांगीराला तो कधी हाती लागला नाही, म्हणून बादशहाने चित्रात त्याच्या मुंडक्यावर बाण सोडून घेतला. ते चित्र बाईंनी दारावर लावलंय. मग त्यांनी फोन पुढे करून माझ्याकडून ‘अंबर’ आणि त्याची कबर आहे ते ‘खुलदाबाद’ म्हणवून घेतलं, दोनदा, सावकाश. आणि शेवटी ते आलंच.

“अंबरने १६१०मध्ये शहर वसवलं ना, त्याचं नाव काय?”

“खडकी. मग फतेहनगर. मग औरंगाबाद. आता छत्रपती संभाजीनगर.”

“सोमवारी फळ्यावर कोणतं लिहू?”

या प्रश्नावर महाराष्ट्रात काय काय झालंय ते मी बाईंना सांगितलं नाही. फळा केवढा आहे, एवढंच विचारलं. “लांब आहे,” बाई म्हणाल्या, आणि चारही नावं चार रंगांत लिहून घेऊन पुढच्या तासाला पळाल्या. या वर्षी त्यांनी मंगोलियाच्या सेमिनारचा अर्ज भरलाय, असं ऐकतो.