पुढे तेहेतीस, मागे एकोणचाळीस

स्पोर्ट्स कार घेणं तसं सोपं; बँक कर्ज देते. तिच्या टायरमध्ये हवा किती असावी, याला मात्र बहुमत लागतं. मेव्हणा म्हणतो तीस ठेवा, गाडी मऊ चालते. लिफ्टमध्ये भेटणारे चौथ्या मजल्यावरचे काका म्हणतात चाळीस मारा, ॲव्हरेज वाढतं. (स्पोर्ट्स कारवाल्यापुढे ॲव्हरेजचा विषय निघाल्यास त्याने नम्रपणे चपलांकडे बघावं.)

सर्वांचं ऐकून झालं की आकडा शोधायला घ्यावा. टायरच्या अंगावर एक आकडा कोरलेला असतो, तो वाचून पुष्कळांचं समाधान होतं. तो टायर फार तर किती दाब सोसेल, त्याचा आकडा आहे. लिफ्टमध्ये ‘कमाल ८ व्यक्ती’ लिहिलंय म्हणून आपण आठजण जमेपर्यंत खाली ताटकळत नाही. खरा आकडा ड्रायव्हरच्या दारापाशी चिकटवलेल्या स्टिकरवर असतो. गाडी आली त्या दिवसापासून तो तिथेच आहे, म्हणून कुणी वाचत नाही.

आमच्या सोसायटीत एक पोर्श ९११ आहे. १९६३मध्ये ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली, तेव्हापासून तिचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे आहे. साधारण साठ टक्के भार मागे, त्यामुळे हवाही पुढे कमी, मागे जास्त. समजा, स्टिकर म्हणतो पुढे ३३, मागे ३९. पंपावरचा मुलगा समतावादी असतो. तो चारही चाकांत पस्तीस मारतो. मग वळणावर गाडीचा मागचा भाग मालकाच्या आधी वळायची घाई करतो.

आता मुख्य विधी. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असावी, किंवा फार तर दीड-दोन किलोमीटर चाललेली. पंप चार किलोमीटरवर. म्हणजे हवा तपासायला जावं, तर तिथे पोहोचेपर्यंत हवा तपासण्याजोगी राहत नाही. यावर उतारा आहे. पहाटे पार्किंगमध्ये उकिडवं बसून स्वतःच्या गेजने मोजावं. पुढे तीस भरली? म्हणजे तीन कमी. पंपावर तेच टायर तापून बत्तीस दाखवतील; तिथे तेहेतीसवर न थांबता पस्तीस भरावी. मागे दोन कमी असेल, तर जे दिसेल त्यात दोन मिळवावेत. हे गणित मुलाला समजावून सांगू नये. मागे रिक्षांची रांग असते.

‘साहेब, नायट्रोजन मारू?’ असा प्रश्न येईल. साध्या हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजन फुकट असतो. पैसे उरलेल्या बावीस टक्क्यांचे.

एवढं करून मे महिन्यात हवा बिनचूक भरली, तरी पुण्याची डिसेंबरातली पहाट ती पुन्हा उतरवून ठेवते, कारण साडेपाच अंशांमागे साधारण एक पीएसआय पडतो. डॅशबोर्डवर उद्गारचिन्हाचा पिवळा दिवा लागतो. त्यावर काळा टेप लावणं हा उपाय नव्हे. (पाहिलेला आहे.)

आमचे ९११वाले शेजारी हे सगळं चार वर्षं निष्ठेने करत आले. दर दुसऱ्या रविवारी पार्किंगमध्ये गुडघे टेकायचे, वहीत आकडे लिहायचे, पंप गाठायचा. मागच्या खेपेला मी सोबत होतो. चारही चाकं मनासारखी झाली, तोच मुलगा म्हणाला, ‘स्टेपनी पण बघू का?’ आणि सवयीने मागे गेला. झाकण उघडलं, तर आत इंजिन. तो दचकून दोन पावलं मागे सरला. शेजाऱ्यांनी जरा ऐटीतच पुढची डिकी उघडून दाखवली. स्टेपनी तिथेही नव्हती. कडेच्या खणात पंक्चरच्या औषधाची बाटली होती आणि तिच्याशेजारी, गाडीच्या चार्जिंग सॉकेटवर चालणारा, प्लॅस्टिकही न फाडलेला, हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर.

मुलाने तो उचलून बघितला. ‘साहेब,’ तो म्हणाला, ‘मग तुम्ही इथे कशाला येता?’