रा. रा. व्हीजीए वायर यांस अनावृत पत्र

मु. पो. रेणापूर, जि. लातूर

रा. रा. व्हीजीए वायर यांस,
सा. न. वि. वि.

आपली निळी टोपी, पंधरा पिना आणि दोन्ही बाजूंचे स्क्रू खुशाल असतीलच. आमची खुशाली विचाराल तर चष्म्याचा नंबर वाढला. सेवा केंद्रात दिवसभर सातबारे काढतो, पीक विम्याचे अर्ज भरतो. परवा गट नंबर 138 चा मी 133 केला. शेतकरी पावती घेऊन परत आला आणि चार माणसांत माझी अक्कल निघाली. आपल्या मार्फत येणारे तीन आणि आठ जुळे भाऊ असतात, हे त्याला कसं सांगणार? अनुस्वार तर आपण वाटेतच खर्ची टाकता.

आपला जन्म 1987 चा, आयबीएमच्या घरचा. तेव्हाचा मॉनिटर म्हणजे पाठीला पोक आलेला काचेचा डबा. त्याला कमी-जास्त होणारं व्होल्टेजच लागायचं, ते आपण इमानानं पोचवलंत. सपाट मॉनिटरला मात्र आकडे लागतात, आणि कॉम्प्युटरकडे चित्र असतं तेही आकड्यांतच. तरी आपल्या मानापानासाठी आधी आकड्यांचं व्होल्टेज करायचं, मग वायरीच्या दुसऱ्या टोकाला मॉनिटरनं ते मोजून परत आकडे करायचे! रेणापूरहून लातूरला निघालेल्या माणसाला आधी अंबाजोगाई दाखवून आणण्यातला प्रकार.

बरं, माप तरी किती नाजूक. 0.7 व्होल्टात एकेका रंगाच्या 256 छटा बसवायच्या, म्हणजे दोन छटांत अंतर जेमतेम पावणेतीन मिलिव्होल्ट. आमच्या अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत. शेजारची गिरणी सुरू झाली की पडद्यावर खालून वर लाटा चढतात. रेणा नदीला पाणी नसतं तेव्हाही आमच्याकडे लाटा असतात, ही आपलीच कृपा. मग मी 'ऑटो'चं बटण दाबतो. चित्र डावीकडे सरकतं, थरथरतं, अंगात आल्यासारखं करतं आणि बसतं. एकेक ठिपका नेमका कुठे सुरू होतो, याचा मॉनिटर बिचारा अंदाज बांधत असतो.

1999 मध्ये थेट आकडेच नेणारी डीव्हीआय वायर आली, मागोमाग तशीच एचडीएमआय. 2010 च्या डिसेंबरात इंटेल आणि एएमडीनं 2015 पर्यंत आपल्याला नारळ द्यायचं जाहीर केलं. नारळ वाटेतच कुणी फोडून खाल्ला असावा.

मीही प्रयत्न केला. एका टोकाला एचडीएमआय, दुसऱ्या टोकाला आपण, अशी सोयरीक जुळवलेली स्वस्तातली वायर लातूरहून आणली. पडदा काळाकुट्ट. आकड्यांचं व्होल्टेज करणारी चिपच आत नव्हती. दुकानदार फोनवर म्हणाला, "जरा हलवून बघा की."

एक मात्र कबूल. आपली लाल रंगाची पिन मोडली तर पडदा हिरवा-निळा होतो, पण अर्ज भरता येतो. एचडीएमआय नुसत्या कोपराच्या धक्क्यानं निसटते आणि सगळा अंधार. स्क्रू आवळलेल्या आपल्याला मांजरसुद्धा ओढू शकत नाही.

काल नवा मॉनिटर आला. मागे एचडीएमआयची जागा आहे, बघून जीव सुखावला. खोकं उघडलं, तर आत वायर निघाली ती निळ्या टोपीची. आत्ताच स्क्रू आवळलेत. गिरणी अजून सुरू व्हायची आहे.

कळावे, लोभ आहे तो थोडा कमी व्हावा, ही विनंती.

आपला,
एक चष्मेवाला